फाइल उघडली, कळा कुठे गेल्या?

कोड लिहिणारा माणूस दिवसभर एका फाइलमधून दुसरीत जात असतो. फंक्शन एकीकडे, त्याची चाचणी दुसरीकडे, सेटिंग तिसरीकडे. अशा प्रत्येक उडीच्या वेळी एडिटरला ठरवावं लागतं, की यापुढे दाबलेल्या कळा कुणाला द्यायच्या. पडद्यावर फाइलींची यादी असते, मजकूर असतो, शोधाची चौकट असते, खाली टर्मिनल असतो. कीबोर्ड मात्र एका वेळी यांतल्या एकाचाच. ज्याचा असेल त्याच्याकडे फोकस आहे असं म्हणतात. तो भलतीकडे राहिला, की माणूस एका जागी बघून लिहितो आणि अक्षरं दुसऱ्याच जागी पडतात.

याला किरकोळ गैरसोय म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. कळ दाबणाऱ्याच्या मनात ती कुठे पोचणार हे पक्कं असतं. एडिटरने ती तिथेच पोचवली पाहिजे. पोचवता येत नसेल तर ती स्वीकारण्याआधी तसं दाखवलं पाहिजे. पण "तिथे" म्हणजे नक्की कुठे, यावर जाणत्या लोकांमध्ये खरा मतभेद आहे, आणि दोन्ही बाजूंना अनुभवाचा आधार आहे. त्या बाजू मी इथे एका मावशीच्या आणि तिच्या भाच्याच्या तोंडी दिल्या आहेत. मावशी वर्षानुवर्षं विम या एडिटरमध्ये काम करणारी. मनगट दुखतं म्हणून माउसला शक्यतो हात लावत नाही. भाचा ब्राउझरमध्ये चालणारा एडिटर बांधतो. जिथे मला माझं म्हणणं सांगायचं आहे तिथे मी मध्ये येईन.

मावशी: तुमच्या एडिटरचं मला एक सांग. यादीतल्या फाइलवर क्लिक केलं, फाइल उजवीकडे उघडली, डोळे तिकडे गेले. लिहायला लागले तर एक अक्षर उमटेल तर शपथ. का?

भाचा: कारण फोकस यादीतच आहे. तो मुद्दाम तिथे ठेवलाय. व्हीएस कोडमध्येही असंच आहे. एका क्लिकने फाइल नुसती दाखवायची, टॅबवर तिचं नाव तिरप्या अक्षरांत येतं, आणि पुढच्या फाइलवर क्लिक केलं की तीच टॅब तिला मिळते. डबल क्लिक केलंस तर फाइल पक्की उघडते आणि फोकस मजकुरात जातो.

मावशी: म्हणजे पडद्यावर दोन्ही वेळा जवळपास सारखंच दिसतं आणि कळा मात्र वेगवेगळीकडे जातात.

भाचा: अगं, पण लोक फाइली कशा शोधतात ते बघ ना. नवा प्रकल्प हातात आला की कुणी एकदम लिहायला बसत नाही. खाली बाण, स्पेस, खाली बाण, स्पेस, असं करत वीस फाइली चाळतात. प्रत्येक वेळी फोकस मजकुरात गेला तर पुढचा बाण यादीत उतरणार नाही, मजकुरातला कर्सर हलवेल. आणि पुढची स्पेस त्या फाइलमध्ये टाइप होईल. न मागितलेला बदल, तोही चाळता चाळता. तुझा नियम पाळला तर वाचणारा प्रत्येक जण चुकून लिहिणारा होईल.

मावशी: चाळणं वेगळं आणि उघडणं वेगळं, हे मला मान्य आहे. त्यात नवीन काही नाही. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स, ४, बी दाबलं की दुसऱ्या खिडकीत बफर उघडतो आणि कर्सर तिकडे जातो. कंट्रोल-एक्स, ४, कंट्रोल-ओ दाबलं तर बफर नुसता दिसतो, कर्सर जागचा हलत नाही. विममध्ये नर्डट्री वापरणाऱ्यांना विचार. ओ दाबलं की फाइलमध्ये जातो. जी आणि ओ दाबलं की फाइल उघडते पण आपण यादीतच राहतो. माणूस दोन वेगळ्या आज्ञा देतो आणि कुठली दिली हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तुमच्याकडे क्लिक आणि डबल क्लिक यांत फरक कशाचा, तर बोट किती चटकन पुन्हा पडलं याचा.

भाचा: शॉर्टकटही आहेत. कंट्रोल-१ दाबलं की मजकुरात, कंट्रोल-० दाबलं की साइडबारमध्ये.

मावशी: फोकस यादीत आहे हे मला माहीत असेल तर मी ते दाबेन. माहीतच नसेल तर? मी लिहिते आहे असं मला वाटतंय आणि माझी अक्षरं घेऊन यादी त्या अक्षरांच्या फाइलीवर उड्या मारतेय. चुकलं म्हणून कंट्रोल-झेड दाबलं, तर यादीचं स्वतःचं अनडू आहे, ते मघाशी हलवलेली फाइल परत जुन्या जागी न्यायला निघतं. ओळ पुसायला डिलीट दाबलं तर अख्खी फाइल कचऱ्यात टाकू का, असा प्रश्न येतो. तो प्रश्न पुन्हा विचारू नकोस असं सांगून ठेवलेलं असेल तर तेवढंही नाही. आणि मॅकवर बघ, यादीत एंटर दाबलं की फाइलचं नाव बदलायची चौकट उघडते. नवी ओळ हवी म्हणून एंटर मारणाऱ्याने पुढे जे लिहिलं ते फाइलचं नाव झालं.

भाचा: नाव बदललेलं लगेच दिसतं की.

मावशी: दिसतं, पण डोळे तिथे नसतात.

मावशीचं हे शेवटचं वाक्य मला सगळ्या वादाच्या मुळाशी दिसतं. ॲपलमध्ये १९७९ साली मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू करणारे जेफ रॅस्किन यांनी २०००च्या 'द ह्यूमेन इंटरफेस' या पुस्तकात याचीच मांडणी केली आहे. माणसाचं लक्ष एका वेळी एकाच जागी असतं, आणि ती जागा म्हणजे त्याचं काम. यंत्र कोणत्या अवस्थेत आहे हे त्याच्या लक्षात नसतं आणि ते लक्षात ठेवायची अपेक्षाही धरू नये. एकच कळ दोन अवस्थांमध्ये दोन वेगळी कामं करत असेल तर चुका होणारच, आणि त्यांचा दोष वापरणाऱ्याकडे जात नाही. रॅस्किन यांच्या आधी लॅरी टेस्लर यांनी झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात हाच आग्रह धरला होता. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा "नो मोड्स" असं होतं. फोकस हीदेखील अशीच एक अवस्था आहे. डिलीट कळ मजकुरात असताना एक अक्षर पुसते आणि यादीत असताना फाइल. म्हणून फोकस दाखवणारी यादीभोवतीची निळसर कड पुरेशी आहे असं जे म्हणतात त्यांना माझं सांगणं आहे, की ती कड ज्याने पाहिली तो चुकणार नव्हताच.

भाचा: पण मावशी, अवस्थांबद्दल तू बोलावंस? तुझा विम तर अवस्थांवरच उभा आहे. परवा तू मराठी मजकुराची फाइल दुरुस्त करत होतीस, इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू होता. एस्केप दाबून खाली जायला जे दाबलंस तर विमला मिळालं र, आणि के दाबलंस तर मिळालं क. आज्ञा एकही चालली नाही.

मावशी: खरं आहे. त्यासाठी विममध्ये लँगमॅप नावाचा पर्याय आहे. देवनागरी अक्षर आलं तर आज्ञेपुरतं ते कुठल्या इंग्रजी कळेचं धरायचं ते त्यात लिहून ठेवता येतं. मी ते अजून केलेलं नाही, करायला हवं. पण मराठीचाच विषय काढलास तर तुमच्या बाजूलाही बघ. लिप्यंतराने लिहिताना शब्द आधी अर्धवट तरंगत असतो, पर्याय दिसतात, मग तो पक्का होतो. त्या अधल्यामधल्या क्षणी एडिटरने फोकस हलवला तर अर्धवट शब्द कधी तसाच उमटतो, कधी नाहीसा होतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याचं फोकस हलल्याने पुढचं अक्षर चुकतं. आपलं मागचंही चुकतं.

भाचा: हे आम्ही तपासलेलं नाही. चमूत कुणी मराठीत टाइप करत नाही.

मावशी: ॲपमधल्या मराठी सूचना लिहिणारी माणसं तुमचाच एडिटर वापरतात. त्यांच्यासाठी तरी तपासा.

भाचा: तपासतो. पण मला खरी झोंबणारी अडचण निराळी आहे. फाइल पुष्कळदा दूरच्या सर्व्हरवर असते. एंटर मारल्यावर ती कधी लगेच येते, कधी दोन-तीन सेकंद लागतात. ती आली की फोकस मजकुरात न्यायचा, असा आमचा नियम आहे. तेवढ्या वेळात माणूस गप्प बसत नाही. तो शोधाची चौकट उघडून लिहायला लागतो. मग फाइल येते, फोकस ओढून नेते आणि अर्धा शब्द शोधात, अर्धा फाइलमध्ये. आपोआप सेव्ह चालू असेल तर तो अर्धा शब्द डिस्कवरही जातो.

मावशी: टर्मिनलमध्ये हे होत नाही. बिल जॉयने बर्कलीत विमचा पूर्वज व्हीआय लिहिला १९७६च्या सुमारास, आणि त्याच्याकडे मोडेम होता ३०० बॉडचा. सेकंदाला तीसेक अक्षरं. पडद्यावर मजकूर पुरता यायच्या आत लोक पुढच्या चार आज्ञा टाइप करून मोकळे होत. त्या कळा रांगेत थांबत आणि दाबल्या त्याच क्रमाने वाचल्या जात. फाइल उघडायची आज्ञा पुरी झाल्याशिवाय पुढची कळ कुणी वाचतच नसे. त्यामुळे ती चुकीच्या घरी जायचा प्रश्न नव्हता.

भाचा: पण तेवढा वेळ सगळा एडिटर थांबलेला असतो! एक फाइल अडकली म्हणून दुसरी वाचता येऊ नये, हे आज कुणी सहन करणार नाही. आणि रांगच लावायची तर मला सांग, कनेक्शन तुटलं, फाइल आलीच नाही, तर रांगेतल्या कळांचं काय करू? आधीच्या फाइलमध्ये ओतू? टाकून देऊ?

मावशी: नाही, दोन्ही वाईट. मग रांग नको. पण फाइल आल्यावर फोकस हलवता तो आधीच हलवा ना. एंटर मारलं त्याच क्षणी टॅब उघडा, तिच्यात "फाइल येत आहे" असं दिसू दे, आणि फोकस तिथे द्या. अजून लिहिता येत नाही हे दिसलं की हात आपोआप थांबतो. नंतर मजकूर आला तर तो त्याच जागी येईल. मधल्या वेळात मी उठून शोधाच्या चौकटीत गेले असेन, तर मी गेले. माझ्यामागून मला ओढायला येऊ नका.

या शेवटच्या वाक्यासाठी मी मावशीच्या बाजूने उभा राहीन. खिडक्यांच्या पातळीवर हा धडा जगाने आधीच घेतलेला आहे. विंडोजमध्ये पूर्वी कुठलाही प्रोग्रॅम मनात येईल तेव्हा पुढे येऊन कीबोर्ड बळकावू शकत असे. विंडोज ९८ आणि २०००पासून मायक्रोसॉफ्टने त्यावर बंधन घातलं. मागे असलेल्या प्रोग्रॅमला लक्ष हवं असेल तर खालच्या पट्टीवर त्याचं बटण लुकलुकतं, एवढंच. लिनक्सवरच्या एक्स खिडक्यांमध्ये तर प्रत्येक खिडकीवर वापरणाऱ्याने शेवटची हालचाल कधी केली याची वेळ नोंदवायची पद्धत आहे. केडीईचा खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम ती वेळ पाहतो: नवी खिडकी ज्या कृतीतून आली तिच्यानंतर माणसाने दुसरीकडे काही टाइप केलं असेल, तर नव्या खिडकीने मागे राहायचं. विचार साधा आहे. फोकसची मागणी आणि फोकस मिळण्याचा क्षण यांत अंतर पडलं की ती मागणी शिळी होते, आणि माणसाची ताजी कृती तिच्यापेक्षा वरचढ असते. खिडक्यांना लागू असलेला हा नियम एकाच खिडकीच्या पोटातल्या यादीला, मजकुराला आणि शोधाच्या चौकटीला लावायला काहीच हरकत नाही. तरी एडिटरांमध्ये तो सर्रास लावलेला दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

भाचा: करता येईल. फाइल मागताना एक आकडा टिपून ठेवायचा, फोकस दुसरीकडे गेला की तो वाढवायचा, आणि फाइल आल्यावर आकडा तोच असेल तरच फोकस हलवायचा. दहा-पंधरा ओळींचं काम आहे.

मावशी: मग इतके दिवस का नाही केलंत?

भाचा: कारण आमच्या मशीनवर फाइल लगेच येते. आम्हाला हा दोष कधी दिसतच नाही. दूरच्या सर्व्हरवर आणि मंद नेटवर काम करणाऱ्यांना दिसतो.

आता तुला न दिसलेला दोष सांगतो, आणि तो मला सगळ्यांत वाईट वाटतो. फोकस चुकीच्या जागी जातो त्यापेक्षा वाईट होतं ते तो कुठेच राहत नाही तेव्हा. ब्राउझरमध्ये फोकस असलेला घटक पानावरून काढून टाकला की फोकस शेजारच्याला मिळत नाही. तो पानाच्या मुळाशी, बॉडीवर जाऊन पडतो. आणि एडिटरमध्ये तू ज्यात लिहितेस असं तुला वाटतं तो मजकूर बहुतेकदा नुसता रंगवलेला असतो. कळा घेतो तो त्याच्या आड दडवलेला एक बारीकसा टेक्स्टएरिया. व्हीएस कोडच्या गाभ्यातला मोनॅको बरीच वर्षं असाच चालत आला. आम्ही फाइल बदलताना जुना एडिटर पूर्ण पाडून नवा उभा करत होतो. पाडताना तो टेक्स्टएरिया गेला, फोकस बॉडीवर पडला, नव्याला कुणी दिलाच नाही.

मावशी: मग कळा जातात कुठे?

भाचा: ब्राउझरला. स्पेस दाबली की पान खाली सरकतं. फायरफॉक्समध्ये तिरकी रेघ दाबली की पानात शोधायची पट्टी उघडते; कोडच्या पुष्कळ भाषांत टिप्पणीची सुरुवातच तिरक्या रेघेने होते. आणि बॅकस्पेस, ती तर पूर्वी मागच्या पानावर नेत असे. फॉर्म भरता भरता लोकांचा मजकूर जायचा, तो यानेच: फोकस चौकटीबाहेर पडलेला आणि त्यांना वाटायचं आपण अक्षर पुसतोय. शेवटी २०१६ साली क्रोमने बॅकस्पेसचं ते कामच काढून टाकलं.

मावशी: म्हणजे तुमच्यासारख्यांच्या चुकांपायी ब्राउझरला आपली कळ सोडावी लागली.

भाचा: हो. आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याचं यात सर्वाधिक नुकसान होतं. फोकस कुठे गेला हेच तो ऐकत असतो. त्याच्यासाठी फोकस म्हणजेच पडदा. फोकस बॉडीवर पडला की आवाज बंद. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये त्याची खास कळ आणि टॅब एकत्र दाबलं की आत्ता फोकस कुठे आहे ते वाचून दाखवतो, पण त्याला ते प्रत्येक फाइलमागे विचारावं लागलं तर त्याने कोड कधी लिहायचा?

मावशी: मग त्याच्यासाठी तरी माझा नियम घे. फाइल उघडली की फोकस मजकुरात, नेहमी.

भाचा: नाही, इथे नियम माझ्या बाजूने आहे. वेब सर्वांना वापरता यावी म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००८ साली दिलेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या निकषांत म्हटलंय, की एखाद्या घटकावर नुसता फोकस आला एवढ्यावरून वापरणाऱ्याचा संदर्भ बदलू नये. आंधळा माणूस यादीत बाण दाबत नावं ऐकतोय आणि त्याला न सांगता मजकुरात नेऊन सोडलं, तर तो कुठे आहे हे त्याला कळायला वेळ लागतो. त्याच निकषांत फोकसचा क्रम अर्थाला धरून असावा असंही आहे, आणि तो डोळ्यांना दिसावा असंही.

मावशी: बरोबर आहे. नावावरून बाण फिरवताना फोकस हलता कामा नये. मागे घेते. एंटर दाबलं तर मात्र गेलाच पाहिजे, तो त्याने सांगून मागितलेला आहे.

भाचा: एंटरला जातो. मॅकवरचं एंटर आम्ही बदलतो आहोत.

मावशी: आणि टॅब बंद केली की?

भाचा: आधी जिथे काम करत होतीस त्या फाइलमध्ये, कर्सर होता त्याच ओळीवर. शेजारच्या टॅबमध्ये नाही. शेवटची टॅब बंद झाली तर यादीत. बॉडीवर कधीच नाही. प्रत्येक चाचणीच्या शेवटी आम्ही आता हेच विचारतो, की फोकस बॉडीवर आहे का? असेल तर चाचणी नापास.

मावशी: हे चांगलं केलंत. राहता राहिलं एक क्लिक.

भाचा: ते मी बदलणार नाही. चाळणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांची सवय खरी आहे.

मावशी: नको बदलूस. पण फोकस यादीत असताना मजकुरातला कर्सर लुकलुकता कामा नये. तो लुकलुकतो म्हणून तर मी लिहायला लागते. आणि यादीत अक्षर दाबल्यावर त्या नावाच्या फाइलीवर उडी मारायची जी सोय आहे, ती मागितल्याशिवाय चालू ठेवू नका. व्हीएस कोडमध्ये निवडता येतं, आपोआप हवी की आज्ञा दिल्यावर.

भाचा: तिथेही न विचारता ती आपोआपच असते. आणि ती बंद केली तर यादीत दाबलेल्या अक्षराचं करायचं काय? गिळून टाकायचं?

मावशी: मजकुरात पाठवा. समोर उघडलेल्या फाइलमध्ये.

भाचा: आणि जो खरंच यादीत नाव शोधत होता, त्याची अक्षरं त्याच्या कोडमध्ये गेली तर? मघाशी याच तक्रारीने सुरुवात केली होतीस.

मावशी: केली होती. मग गिळू नका आणि पाठवूही नका. पहिल्या अक्षराला शोधाची चौकट उघडा, ते अक्षर तिच्यात दिसू दे आणि यादी तिथल्या तिथे राहू दे. मी कुठे लिहितेय ते मला दिसेल, एस्केप दाबलं की मजकुरात परत.

भाचा: एस्केपने मजकुरात? यादीत नाही?

मावशी: मजकुरात. जेटब्रेन्सच्या एडिटरांत बाजूच्या कुठल्याही पट्टीतून एस्केप दाबलं की मजकुरात येता येतं. ती एक कळ लोकांच्या बोटांत बसली आहे.

भाचा: यादीत शोधून पुढची फाइल चाळायची असेल त्याला ते नको असेल. हे मी सोमवारी चमूसमोर ठेवतो, दोन्ही बाजूंनी.